जुबिलीचें रणशिंग आणि चाळीस दिवसांचें व्रत

जुबिली म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पताका, तोरणें, घंटानाद, वाजंत्री आणि पंगती हीं उभीं राहतात. तें स्वाभाविकच आहे. देवानें कृपा करून इतकीं वर्षें एका वेदीभोंवतीं आपणांस एकत्र राखलें, याचा आनंद मानूं नये तर कशाचा मानावा? परंतु हा शब्द जेथून आला त्या मूळ स्थानीं जाऊन पाहिलें म्हणजे एक गोष्ट दृष्टीस पडते, व ती पुष्कळांच्या ध्यानांत नसते.

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत इस्राएल लोकांस पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षीं दास्यांत पडलेल्यानें मुक्त होऊन आपल्या घरीं जावें, गरजेपोटीं विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत यावी, आणि भूमीलाहि विसांवा मिळावा, असा तो नियम होता. या वर्षाची द्वाही मेंढ्याच्या शिंगाचें रणशिंग फुंकून फिरवावयाची असे. त्या शिंगाला इब्री भाषेंत ‘योबेल’ म्हणत, व त्यावरूनच ‘जुबिली’ हा शब्द झाला. आतां हें रणशिंग कोणत्या दिवशीं फुंकावयाचें? कापणीच्या सणाच्या दिवशीं नव्हे, वल्हांडणाच्या दिवशींहि नव्हे. तें सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं फुंकावयाचें. आणि मोशेच्या नियमशास्त्रानें सबंध वर्षांत उपवासाचा म्हणून जो एकच दिवस लावून दिला होता, तो हाच.

याचा अर्थ उघड आहे. जुबिलीचा आरंभ उपवासानें होतो. आधीं मनुष्यानें देवापुढें नम्र व्हावें, मग शेजाऱ्याचें ऋण सोडावें, आणि मग आनंद करावा, असा हा क्रम आहे. आपल्या धर्मग्रामाच्या या मंगल प्रसंगीं त्या क्रमांतील पहिल्या पायरीचा इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

जुन्या करारांतील मूळ

इस्राएलाच्या इतिहासांत उपवास बहुधा एखाद्या मोठ्या घटनेच्या उंबरठ्यावर येतो. दहा आज्ञांच्या पाट्या घेऊन खालीं उतरण्यापूर्वीं मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस व चाळीस रात्री अन्नपाण्यावांचून राहिला. एलिया भविष्यवादी जिवाच्या भीतीनें रानांत पळाला असतां देवदूतानें दिलेल्या भाकरीच्या बळावर चाळीस दिवस चालत होरेब पर्वतास पोंचला; तेथें वादळ, भूकंप आणि अग्नि निघून गेल्यावर एका मंद स्वरांत त्यास देवाची ओळख पटली. योनाचा उपदेश ऐकून निनवे नगरांतील लोक राजापासून रंकापर्यंत गोणपाट नेसून उपाशी राहिले, इतकेंच नव्हे तर त्यांनीं गुराढोरांनाहि चारापाण्यावांचून ठेविलें. आणि ठरलेला नाश टळला.

परंतु याच ग्रंथांत उपवासाच्या ढोंगावर जितका कडक प्रहार आहे तितका अन्यत्र क्वचितच आढळेल. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायांत लोक तक्रार करितात कीं, आम्ही उपवास करितों तरी देव लक्ष देत नाहीं. त्यावर उत्तर मिळतें कीं, ज्या दिवशीं तुम्ही उपवास करितां त्याच दिवशीं तुम्ही मजुरांना राबवितां आणि भांडणतंटे करितां. देवाला आवडणारा उपवास म्हणजे अन्यायाचीं बंधनें तोडणें, भुकेल्याला आपल्या घासांतला घास देणें, निराश्रिताला घरांत घेणें, असें तो भविष्यवादी स्पष्ट सांगतो. पुढें ख्रिस्तसभेनें उपवासाविषयीं जें जें शिकविलें त्याचें बीज या एका अध्यायांत आहे.

आपल्या प्रभूनें यार्देन नदींत बाप्तिस्मा घेतल्यावर आपल्या कार्यास आरंभ करण्यापूर्वीं रानांत चाळीस दिवस उपवास केला. डोंगरावरील प्रवचनांत त्यानें दान, प्रार्थना आणि उपवास हे तिन्ही एकामागून एक घेतले, आणि तिहींसाठीं एकच अट घातली कीं, तीं लोकांना दाखविण्यासाठीं नसावींत, गुप्तपणें पाहणाऱ्या पित्यासाठीं असावींत. तुझे शिष्य उपवास कां करीत नाहींत, असें जेव्हां योहानाच्या शिष्यांनीं विचारलें, तेव्हां वर जवळ आहे तोंवर वऱ्हाडी शोक करीत नाहींत, तो काढून नेला जाईल तेव्हां ते उपवास करितील, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें. ख्रिस्ती उपवास हा म्हणून वियोगाचा उपवास आहे, आणि भेटीच्या आशेचाहि आहे.

पहिलीं तीन शतकें

प्रेषितांचीं कृत्यें या ग्रंथांत अंत्युखियाची मंडळी प्रार्थना व उपवास करीत असतां पवित्र आत्म्यानें बर्णबा व शौल यांस वेगळें काढण्याची आज्ञा केली, असें वर्णन आहे. मंडळीनें पुन्हां उपवास व प्रार्थना करून त्यांच्या मस्तकीं हात ठेविले आणि त्यांस निरोप दिला. जगाच्या पाठीवर सुवार्ता घेऊन जाणाऱ्या पहिल्या प्रवासाची शिदोरी ही अशी होती.

‘दिदाखे’ म्हणजे ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या नांवाची एक लहानशी पुस्तिका पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभींची समजली जाते. शेंकडों वर्षें ती हरवली होती. इ. स. १८७३ मध्यें फिलोथेओस ब्रिएन्निओस या विद्वानास तिची एक हस्तलिखित प्रत कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडली, व त्यानें ती १८८३ सालीं प्रसिद्ध केली. तींत ख्रिस्ती लोकांनीं बुधवारीं व शुक्रवारीं उपवास करावा असें सांगितलें आहे. तसेंच, ज्याचा बाप्तिस्मा व्हावयाचा त्यानें, जो देणार त्यानें आणि शक्य असेल त्या इतरांनींहि आधीं उपवास करावा, असा तींत नियम आहे. एका जिवाचा नवा जन्म व्हावा म्हणून सारी मंडळी भूक सोसते, ही कल्पना किती सुंदर आहे! आज आपल्या देवळांत बालकाचा स्नानसंस्कार होतो तेव्हां आपल्यापैकीं कितीजण त्याच्यासाठीं एखादें जेवण तरी सोडितात?

दुसऱ्या शतकांतील अरिस्तिदेस नांवाच्या अथेन्सच्या तत्त्ववेत्त्यानें रोमच्या बादशहापुढें ख्रिस्ती लोकांची बाजू मांडतांना त्यांच्या एका रीतीचा उल्लेख केला आहे. त्यांच्यांत कोणी गरीब असला आणि त्यांच्याजवळ देण्यास अधिक अन्न नसलें, तर ते दोन तीन दिवस स्वतः उपाशी राहून त्याच्या गरजेपुरतें अन्न पुरवितात, असें तो म्हणतो. त्याच शतकांत रोम येथें लिहिलेल्या ‘हेर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथांत तर हिशेबच घालून दिला आहे. उपवासाच्या दिवशीं केवळ भाकर व पाणी घ्यावें, त्या दिवशीं एरव्हीं जेवणास किती खर्च आला असता तो मोजावा, आणि तितकी रक्कम विधवेला, पोरक्याला किंवा गरजूला द्यावी. उपवासानें वांचलेला पैसा आपल्याच पेटींत राहिला तर त्याला काटकसर म्हणावें. तो दुसऱ्याच्या घरीं गेला म्हणजे त्याचा उपवास होतो.

या काळीं पुनरुत्थान-सणापूर्वींचा उपवास फार थोड्या दिवसांचा होता, आणि सर्वत्र सारखाहि नव्हता. सुमारें इ. स. १९० मध्यें लियोंचे बिशप संत इरेनेयुस यांनीं पोप विक्टर यांस लिहिलेल्या पत्रांत म्हटलें आहे कीं, कोणी एक दिवस उपवास करितात, कोणी दोन, कोणी अधिक, तर कोणी चाळीस तास सलग. हा भेद असूनहि आपण एकमेकांशीं शांततेनें राहतों, आणि उपवासांतील भेदानें श्रद्धेंतील ऐक्यच उजळतें, असा त्यांचा अभिप्राय होता.

चाळीस दिवसांची घडण

इ. स. ३२५ मध्यें भरलेल्या नैसियाच्या धर्मसभेच्या पांचव्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख एखाद्या परिचित गोष्टीसारखा येतो. पुढें अलेक्झांड्रियाचे संत अथानासियुस यांस हद्दपारींत रोम येथें राहावें लागलें, तेव्हां तेथील मंडळी चाळीस दिवसांचें व्रत पाळते असें त्यांनीं पाहिलें. त्यांनीं तेथून आपल्या मिसर देशांतील सेरापियोन यांस आग्रहानें कळविलें कीं, सर्व जग उपवास करीत असतां आपणच तेवढे त्यास चुकून हास्यास्पद होऊं नये. अशा रीतीनें चौथ्या शतकांत चाळीस दिवसांची प्रथा पूर्वेकडे व पश्चिमेकडे दृढ झाली. लॅटिनमधील ‘चाळिसावा’ या अर्थाच्या शब्दावरून पोर्तुगीज भाषेंत या काळास ‘क्वारेझ्मा’ हें नांव पडलें, आणि तेंच गोमंतकांत ‘कोरेझम’ होऊन लोकांच्या तोंडीं बसलें.

त्या काळचें प्रत्यक्ष चित्र एका स्त्रीनें आपल्यासाठीं काढून ठेविलें आहे. एगेरिया नांवाची ही यात्रेकरू बाई पश्चिमेकडून निघून चौथ्या शतकाच्या अखेरीस पवित्र भूमीस गेली व तेथें पाहिलेलें सर्व तिनें आपल्या भगिनींस लिहून कळविलें. तिच्या वृत्तांताची प्रत १८८४ सालीं इटलींतील आरेझ्झो येथें उजेडांत आली. यरुशलेम येथें हें व्रत आठ आठवडे चाले, कारण शनिवार व रविवार उपवासाचे नसत. पुनरुत्थान-सणाच्या रात्रीं ज्यांचा बाप्तिस्मा व्हावयाचा, त्यांस बिशप स्वतः रोज सकाळीं तीन तास पवित्र शास्त्र आणि श्रद्धेचीं मूलतत्त्वें समजावून देत. उपवास कसा करावा याविषयीं ती एक मोठी मनोज्ञ गोष्ट सांगते. कोणी आठवड्यांतून एकदांच जेवीत, कोणी मध्यें एकदां, तर कोणी रोज सायंकाळीं; ज्याची जशी शक्ति. जो अधिक करी त्याची कोणी स्तुति करीत नसे, आणि जो कमी करी त्याला कोणी नांवें ठेवीत नसे. उपवासाबरोबर येणाऱ्या अहंकाराला आणि निंदेला त्या मंडळीनें दारांतच अडविलें होतें.

याच चाळीस दिवसांत ज्यांच्या हातून उघड व भयंकर पाप घडलें होतें ते पश्चात्तापी लोक मंडळीपासून दूर राहून प्रायश्चित्त करीत, आणि रोमच्या मंडळींत पवित्र गुरुवारीं त्यांस पुन्हां आंत घेण्यांत येई. या शिस्तीपुढें राजा आणि रंक सारखे होते. इ. स. ३९० मध्यें थेस्सलनीका नगरांत एका सेनाधिकाऱ्याचा खून झाला, तेव्हां थेओदोसियुस बादशहाच्या सैन्यानें सूड म्हणून हजारों निरपराध लोकांची कत्तल केली. मिलानचे बिशप संत अंब्रोज यांनीं बादशहास पत्र लिहून कळविलें कीं, प्रायश्चित्त केल्यावांचून आपल्यासमोर मिस्सा अर्पण करणें मला शक्य नाहीं. ज्याच्या शब्दासरशीं देशच्या देश हालत, त्या पुरुषानें राजचिन्हें उतरून ठेविलीं आणि सर्व लोकांदेखत देवळांत अश्रु ढाळून क्षमा मागितली. सत्तेनें केलेल्या पापालाहि प्रायश्चित्ताची वाट चालावी लागते, हें त्या दिवशीं जगानें पाहिलें.

संत आगुस्तीन यांनीं उपवास आणि दान यांस प्रार्थनेचे दोन पंख म्हटलें आहे. त्यांच्या मातोश्री संत मोनिका मिलान येथें आल्या, तेव्हां तेथें शनिवारीं उपवास नसे, आणि रोम येथें तो असे. कोणती रीत पाळावी, असा प्रश्न त्यांस पडला. संत अंब्रोज यांनीं उत्तर दिलें कीं, मी रोम येथें असलों म्हणजे उपवास करितों, येथें असलों म्हणजे करीत नाहीं. ज्या मंडळींत जाल तिची रीत पाळा, म्हणजे कोणास अडखळण होणार नाहीं.

राख आणि दशांश

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप महान ग्रेगरी यांनीं या व्रतास एक सुबोध उपमा दिली. सहा आठवड्यांतून रविवार वजा केले म्हणजे छत्तीस दिवस उरतात, आणि वर्षाच्या तीनशें पासष्ट दिवसांचा दशांश जवळ जवळ तितकाच होतो. शेतकरी जसा धान्याचा दशांश देवास देतो, तसा आपण आपल्या आयुष्याच्या दिवसांचा दशांश द्यावा, असा त्यांचा भाव. पुढें प्रभूच्या उपवासाप्रमाणें पुरे चाळीस दिवस भरावे म्हणून आरंभीं चार दिवस जोडण्यांत आले, आणि व्रताचा आरंभ बुधवारीं होऊं लागला. मिलानच्या प्राचीन उपासनारीतींत मात्र आजहि तो रविवारींच होतो.

राख प्रथम केवळ उघड पश्चात्ताप करणाऱ्यांच्या मस्तकीं पडत असे. हळूहळू इतर भाविकहि त्यांच्याबरोबर मस्तक नमवूं लागले, आणि इ. स. १०९१ मध्यें बेनेव्हेंतो येथें पोप दुसरे अर्बन यांच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या सभेनें धर्मगुरु आणि प्रापंचिक अशा सर्वांनींच त्या दिवशीं राख घ्यावी असें ठरविलें. पापी आणि सज्जन असे दोन वर्ग राखेपुढें उरले नाहींत. ती राखहि गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारीं ज्या झावळ्या आपण जयघोषानें मिरविल्या, त्याच जाळून केलेली असते. आपला जयघोष किती लवकर वाळून जातो हें सांगण्यास याहून चांगली खूण कोणती?

मठवासी लोकांसाठीं संत बेनेदिक्त यांनीं जो नियम लिहिला, त्यांत या काळाविषयीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. खरें म्हणजे साधूचें सारें आयुष्यच असें असावें, परंतु तितकें बळ थोड्यांच्याच अंगीं असतें, म्हणून निदान या दिवसांत प्रत्येकानें खाणें, पिणें, झोंप, बडबड आणि थट्टा यांतून कांहीं आपखुषीनें कमी करावें, आणि तें आनंदानें करावें, असें ते म्हणतात. आपण काय सोडणार तें त्यानें मठाधिपतीस आधीं सांगावें, नाहीं तर त्यांत गर्व शिरतो. शिवाय प्रत्येकास एक ग्रंथ देण्यांत यावा व तो त्यानें अथपासून इतीपर्यंत वाचावा, असाहि नियम आहे. पोट रिकामें ठेवून मन रिकामें ठेवूं नये, हा त्यांतील बोध.

नियम कां सैल झाला?

आरंभीं या व्रतांत दिवसांतून एकच जेवण, तेंहि सूर्यास्तानंतर, असा दंडक होता. मांस तर नाहींच, पण बहुतेक ठिकाणीं अंडीं, दूध व लोणीहि वर्ज्य असे. मध्ययुगांत जेवणाची वेळ सायंकाळवरून दुपारीं तीन वाजतां आली, आणि चौदाव्या शतकापर्यंत ती माध्यान्हींवर येऊन ठेपली. सायंप्रार्थनेनंतर जेवावयाचें हा नियम मोडूं नये म्हणून सायंप्रार्थनाच दुपारच्या आधीं म्हणण्याची प्रथा पडली! रात्रीं अंगमेहनतीनें थकलेल्या साधूंस जरासें पेय आणि पुढें भाकरीचा तुकडा मिळूं लागला. त्या वेळीं कासियान यांचे ‘कोलात्सियोनेस’ म्हणजे ‘संवाद’ वाचीत असत, म्हणून त्या अल्पोपाहारालाहि ‘कोलात्सियो’ हेंच नांव पडलें. श्रीमंतांस दान देऊन लोणी खाण्याची मोकळीक मिळूं लागली. फ्रान्समधील रुआंच्या महामंदिराच्या एका बुरुजास आजहि ‘लोण्याचा बुरूज’ म्हणतात.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, माणसाच्या जिभेपुढें ख्रिस्तसभेनें हार खाल्ली. परंतु हा निकाल घाईचा होईल. नांगर धरणारा, ओझें वाहणारा, अंगावर पाजणारी आई, आजारी आणि वृद्ध यांच्यावर मठवासीयांचें ओझें लादणें न्यायाचें नव्हे, हें ख्रिस्तसभेनें ओळखिलें. दोष मोकळीक देण्यांत नव्हता. जें सुटलें त्याच्या जागीं आपखुषीचें कांहीं आलें नाहीं, हा खरा दोष. आणि जेव्हां जेव्हां असें मरगळलेपण आलें, तेव्हां तेव्हां देवानें एखादा असा पुरुष उभा केला कीं ज्यानें नियमाची वाट न पाहतां स्वतःच सारें दिलें. इ. स. १२२४ मध्यें असिसीचे संत फ्रान्सिस ला व्हेर्ना पर्वतावर संत मिखाएलच्या सणापूर्वीं चाळीस दिवसांचा उपवास करीत असतां त्यांच्या देहावर प्रभूच्या पंचक्षतांच्या खुणा उमटल्या. त्यांनीं कोणास नियम लावून दिला नव्हता. पण त्यांच्या दर्शनानें हजारों लोकांचीं मनें पालटलीं.

आपल्या देशांत

हिंदुस्थानांत ख्रिस्ती उपवासाची परंपरा पोर्तुगीजांच्या आगमनाहून फार जुनी आहे. मलबारांतील संत तोमाचे ख्रिस्ती लोक आपल्या मोठ्या व्रतास ‘अम्पतु नोम्बु’ म्हणजे पन्नास दिवसांचा उपवास म्हणतात, आणि मांसमासे, अंडीं व दूध टाळण्याची त्यांची जुनी रीत आहे. त्या व्रताच्या तीन आठवडे आधीं ते निनवेच्या लोकांचें स्मरण करून ‘मून्नु नोम्बु’ हें तीन दिवसांचें व्रत पाळितात. कुरविलंगाड येथील देवळांत त्या दिवसांत योनाच्या प्रवासाची आठवण म्हणून लांकडी जहाजाची मिरवणूक काढण्यांत येते, ती पाहण्यास दुरून लोक येतात.

आपल्या मराठी भाषेंत या व्रताची गोडी उतरविण्याचें श्रेय प्रथम फादर थॉमस स्टीफन्स यांस आहे. हे इंग्रज येशूसंघी धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास पोंचले, आणि पुढील चाळीस वर्षें साष्टींत राहून त्यांनीं येथील लोकांची वाणी आपली केली. १६१६ सालीं राशोल येथें छापलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या दहा हजारांहून अधिक ओव्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा आली आहे. नवख्रिस्ती लोकांस पूर्वींच्या पुराणांची जागा भरून काढणारें कांहींतरी वाचण्यास हवें होतें, आणि तें या ओव्यांनीं दिलें. पुढें १६५९ मध्यें फ्रान्सिस्को वाझ द ग्विमाराईंस यांचें प्रभूच्या दुःखसहनावरील पुराण निघालें, आणि तें उत्तर कोकणांतील ख्रिस्ती लोकांच्या भजनीं लागलें. ज्या घरांत पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेथेंहि कानांनीं ऐकलेली प्रभूच्या दुःखाची कथा राहत असे.

१७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकल्यावर पोर्तुगीज पाद्री निघून गेले, मठ ओस पडले. परंतु श्रद्धा त्यांच्याबरोबर गेली नाहीं. गोव्याकडील स्वदेशी धर्मगुरूंनीं आणि घराघरांतील आयाआज्यांनीं ती सांभाळिली. परकी राज्यसत्तेच्या आधारानें जें उभें होतें तें पडलें. जें प्रार्थनेनें व व्रतानें मुळास धरलें होतें तें टिकलें. आपल्या इतिहासांतील हा धडा आपण विसरूं नये.

प्रार्थनेच्या बळाचें आणखी एक उदाहरण म्हणजे संत जोसेफ वाझ. १६५१ सालीं गोव्यांतील बाणावली येथें त्यांचा जन्म झाला. डच सत्तेमुळें सिंहलद्वीपांतील कॅथलिक लोक धर्मगुरूंवांचून पडले आहेत असें ऐकून ते १६८७ मध्यें हमालाच्या वेषांत तिकडे गेले. कांदी येथें त्यांना हेर समजून कैदेंत टाकण्यांत आलें. त्यांनीं कैदेचीच झोंपडी प्रार्थनेची केली. १६९६ मध्यें तेथें भयंकर अवर्षण पडलें. राजाच्या विनंतीवरून त्यांनीं चौकांत वेदी उभारून क्रूसापुढें प्रार्थना केली आणि पाऊस आला, असें त्यांचीं चरित्रें सांगतात. पुढें देवीची सांथ आली, तेव्हां टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनीं आपल्या हातांनीं सेवा केली. प्रार्थना करणारे हात आणि रोग्यास पाणी पाजणारे हात एकच होते. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें.

आपल्या मुंबई बेटांत व आसपासच्या गांवांतहि अशा प्रार्थनेच्या खुणा उभ्या आहेत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां लोक रस्तोरस्तीं व वाडीवाडींत क्रूस उभारून त्यांच्यापुढें सायंकाळीं एकत्र जमूं लागले. त्यांतील कित्येक क्रूस आजहि उभे आहेत. त्यांजवरून जातांना आपण हात जोडितों. परंतु ते कोणत्या भीतीनें आणि कोणत्या आशेनें उभारले गेले, याची आठवण मुलांस सांगितली पाहिजे.

अलीकडचा काळ

१९१७ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणें एकवीस वर्षें पुरीं झालेल्या व साठाव्या वर्षांत न शिरलेल्या प्रत्येकास या काळांत उपवास लागू होता. पवित्र भाकर घेण्यापूर्वीं मध्यरात्रीपासून पाणीहि वर्ज्य असे. आपल्या वृद्ध मंडळींकडून त्याच्या कथा अनेकांनीं ऐकल्या असतील. पोप बारावे पायस यांनीं १९५३ सालीं पाण्याची मोकळीक दिली, १९५७ सालीं तो उपवास तीन तासांवर आणिला, आणि १९६४ सालीं पोप सहावे पॉल यांनीं तो एका तासाचा केला. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें १९६३ मध्यें या काळाचीं दोन अंगें पुन्हां उजळ केलीं: बाप्तिस्म्याची आठवण आणि प्रायश्चित्त. १७ फेब्रुवारी १९६६ च्या आज्ञापत्रानें राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार असे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे उरले. १९८३ च्या संहितेप्रमाणें तो अठरा वर्षें पुरीं झाल्यापासून साठावें वर्ष लागेपर्यंत आहे. शुक्रवारचा मांसत्याग चौदा वर्षांपासून लागू असून, त्याचें स्वरूप त्या त्या देशाच्या बिशपमंडळाच्या ठरावावर अवलंबून असतें.

म्हणजे एके काळचे चाळीस दिवस कायद्यांत दोनांवर आले. परंतु त्या १९६६ च्या आज्ञापत्राचा हेतु प्रायश्चित्त उणें करण्याचा नव्हता. प्रार्थना, उपवास आणि परोपकार हा मार्ग प्रत्येकानें आपल्या स्थितीप्रमाणें चालावा, असेंच त्यांत सांगितलें आहे. कायद्यानें अडतीस दिवस आपल्या स्वाधीन केले. त्यांचें आपण काय केलें, हा प्रश्न आपल्यापैकीं प्रत्येकास आहे.

या मोकळ्या दिवसांचें सोनें करणारे लोकहि झाले. जर्मनींतील बिशपांनीं १९५९ सालच्या व्रतकालांत ‘मिझेरेओर’ या नांवानें जगांतील भुकेल्यांसाठीं निधि गोळा करण्यास आरंभ केला. दुसरें महायुद्ध संपून तेव्हां पंधरा वर्षेंहि झालीं नव्हतीं. हेर्मासनें सांगितलेला एका घरचा हिशेब एका राष्ट्रानें मांडला. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १४ डिसेंबर २००१ रोजीं, आणि पोप फ्रान्सिस यांनीं ७ सप्टेंबर २०१३ रोजीं सीरियासाठीं, २ मार्च २०२२ रोजीं युक्रेनसाठीं शांतीकरितां उपवास व प्रार्थना करण्याची हांक दिली. निनवेच्या राजानें केलें तेंच हें, इतक्या शतकांनंतर.

जुबिलीच्या उंबरठ्यावर

पोप आठवे बोनिफास यांनीं इ. स. १३०० मध्यें पहिली ख्रिस्ती जुबिली जाहीर केली, तेव्हां तिची कृपा मिळविण्यासाठीं पापनिवेदन आणि रोमच्या महामंदिरांची यात्रा या अटी घातल्या होत्या: रोमवासीयांनीं तीस दिवस, परक्यांनीं पंधरा दिवस. मेजवानीचा त्यांत उल्लेख नाहीं. जुबिली आधीं पायांनीं आणि गुडघ्यांनीं करावयाची असते.

प्रिय धर्मग्रामस्थहो, आपल्या देवळाचा इतिहास या पुस्तिकेंत इतरत्र आला आहे. भिंती कोणी बांधल्या, घंटा कोणी दिली, हें लिहून ठेवतां येतें. परंतु कोणी कोणासाठीं उपाशी राहिलें, कोणत्या आईनें कोणत्या मुलासाठीं शुक्रवार पाळिले, कोणी आपल्या वांट्याची भाकर शेजारच्या उंबरठ्यावर ठेविली, याची नोंद कोणत्याहि वहींत नसते. तरीहि हीं देवळें उभीं आहेत तीं त्या अलिखित इतिहासावर.

म्हणून या वर्षीं एक साधा संकल्प प्रत्येक घरानें करावा. आठवड्यांतील एका जेवणाचा खर्च मोजून तो गरजूच्या हातीं द्यावा. ज्याच्याशीं बोलणें बंद आहे त्याच्या दारीं एकदां जावें. ज्यानें आपले पैसे बुडविले आणि ज्याला ते फेडणें खरोखर अशक्य आहे, त्याचा हिशेब देवापुढें मिटवावा. संध्याकाळीं दिवा लागल्यावर सर्वांनीं मिळून पंधरा मिनिटें तरी प्रार्थनेस बसावें. एवढें झालें म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं फुंकलेलें तें प्राचीन रणशिंग आपल्याहि गांवांत ऐकूं येईल, आणि मग घंटा वाजोत, पताका फडकोत, पंगती बसोत! त्या आनंदांत प्रभूहि आपल्याबरोबर बसेल.